मागच्या सीटवर कोण बसतं?

चाकूरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. जीप चालू करायला लावून त्यानं इंजिनाशी हात धरला आणि बोटावरची काजळी दाखवली.

"सायलेन्सरकडं धूर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे दोन बोल्ट तुटलेत, काका. धूर आत यायलाय."

तुटक्या बोल्टांवर नट वेल्ड करून त्यानं ते अलगद फिरवत काढले. नवे बसवल्यावर काचा लावून मागच्या सीटवर स्वतः बसला, वास घेत.

"हितं बसणाऱ्याचं डोकं लई दुखत असंल. कोण बसतं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

तिथं आई बसायची. माहूरच्या वाटेवर डोकं धरायची, ओकायची. "नाटकं पुरे कर," म्हणून मी खेकसायचो. शेवटी तिनं येणं सोडलं.

धुराचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. रेणुकामातेनं आपल्याला बोलावणं बंद केलं, असं ती समजते.