मिस्तरींचं तोलवजन

आमच्या इमारतीचा लिफ्ट मिस्तरी म्हणजे कामाचा किडा, असं सगळे म्हणत. लिफ्ट बंद करून तो जिन्याने सातव्या मजल्यावरच्या मशीनखोलीकडे निघाला, की प्रत्येक मजल्यावर थांबायचा. लिफ्टच्या दारावर हात टेकून म्हणायचा, "दरवाजा तपासतोय." आमच्या हिने तर मला ऐकवलंही, "बघा, काम असं असतं!"

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मला दुसरा उद्योग नाही. माझ्या लक्षात आलं, उतरताना हा एकही दरवाजा तपासत नाही.

"मिस्तरी, दरवाजे चढतानाच बिघडतात काय हो?"

तो हसला, सिगरेट काढली. काडी मीच दिली, कशाला लपवू? त्याला दिवसाला पाकीटभर सिगरेटी लागत, संध्याकाळी तीन पेग. वर तत्त्वज्ञान: "काका, लिफ्टच्या पाळण्याला पलीकडून तोलवजन असतं ना? तसंच हे. सिगरेट रक्तवाहिन्या आवळते, दारू मोकळ्या करते. तोल बरोब्बर!"

एका सकाळी तो आमच्या मजल्यावर थांबला तो थांबलाच. शर्ट ओलाचिंब, ओठ राखेसारखे.

"दाढ दुखतेय," म्हणाला.

"अक्कलदाढ का?" मी जीभ चालवली, आणि तो मटकन पायरीवर बसला. हात छातीवर.

"काका, बायकोला सांगू नका."

मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. लिफ्ट त्यानेच बंद केलेली, आणि चालू कशी करायची हे इमारतीत दुसऱ्या कुणाला ठाऊक! शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. खुर्ची हिंदकळली की तो डोळे घट्ट मिटायचा.

हॉस्पिटलात स्टेंट बसल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंनाही तोलवजन ऐकवलं. त्या हसल्या नाहीत.

"धुराने वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, तिथे चरबी साचते, रक्ताची गुठळी धरते. दारूने रक्तदाब चढतो, ठोके बिघडतात. मिस्तरी, दोन्ही वजनं तुम्ही पाळण्यातच भरलीत. पलीकडे काहीच नाही."

असा पाळणा कसा कोसळतो, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याने उशाशी बसलेल्या बायकोचं मनगट धरलं ते सोडेना.

आता दोन्ही सुटलंय. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तसा तो कामावर आला. मीही काडेपेटी हिच्या ताब्यात दिली आणि दाराबाहेर एक खुर्ची ठेवली. तो येतो, बसतो, सरळ सांगतो, "दम लागला." तो यायच्या दिवशी मी दाराआड उभा राहून त्याची पावलं मोजतो.

काल पावलं दुसऱ्या मजल्यावरच थांबली. हाक मारली. उत्तर नाही. मी अनवाणीच धावलो, दोन-दोन पायऱ्या गाळत. तो वाकून लिफ्टच्या दाराला कान लावून उभा होता.

"मिस्तरी!"

"शूऽऽ काका! दरवाजा तपासतोय."

खरंच तपासत होता, मेला! वर येताना मला त्याचा हात धरावा लागला, आणि ती खुर्ची मलाच लागली.