आईच्या हातचं वरण

दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरतात. चांगला भाव येईपर्यंत तो तिथेच असतो, खिडकी झाकून टाकणारा. त्या दिवसांत घरात आवाज उरत नाही. ताट पडलं तरी दूर, दुसऱ्या कुणाच्या घरात पडल्यासारखं वाटतं. लहानपणी मला वाटायचं, आवाज कापसात शिरून झोपतात, आणि गाडी भरली की सगळे एकदम जागे होतील.

बाबा प्यायले की त्या ढिगावर जाऊन पडायचे. ते आरडाओरडा करणारे, हात उगारणारे नव्हते. फक्त कमी कमी होत जायचे. सकाळी उठायचे तेव्हा केसांत आणि भुवयांत कापूस अडकलेला असायचा, एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बाबा काय करतात असं मैत्रिणी विचारायच्या, मी म्हणायची, शेती. तेवढं पुरायचं.

कॉलेज संपवून यवतमाळहून घरी आले, त्या हिवाळ्यात आईने बाजारातून एक पुडी आणली. दारू सोडवायचं औषध. पिणाऱ्याला कळलं तर गुण येत नाही, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. आमच्याकडे अशा पुड्या बऱ्याच घरांत येतात, कुणी भाजीत घालतं, कुणी चहात. आईने वरणात घातली.

दुपारी बाबा पिऊनच आले आणि जेवले. थोड्या वेळाने चेहरा लालबुंद, उलट्या थांबेनात, छाती धरून ओसरीत बसले. आई इतकी घाबरली की पुडीचं स्वतःच बोलून गेली.

"मले इचारलं काहून नाही?" जरा सावरल्यावर बाबांनी विचारलं.

"इचारलं असतं तं खाल्लं असतं का तुमी?"

बाबा भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात तीन विटा मांडल्या, स्वतःचा भात टाकला आणि मीठ-तिखट लावून खाल्ला. मग रोजच. पिणं सुटलं नाही, आईच्या हातचं जेवण मात्र सुटलं. आई तरीही त्यांचं ताट वाढायची. संध्याकाळी ते गाईपुढे जायचं. परसातला धूर स्वयंपाकघरात यायचा, आणि दोघं त्या धुराच्या दोन बाजूंना बसलेली असायची. हे असंच कायमचं राहील, बाबा एक दिवस त्या धुरात विरून जातील, असं मला वाटू लागलं.

दारू सोडवणारी केंद्रं मी मोबाईलवर इंग्रजीत शोधायची. मोठ्या शहरांतल्या पांढऱ्या इमारती दिसायच्या, हिरवळ, हसणारी माणसं. त्यात बाबांना मनातल्या मनात बसवून पाहायची. ते बसायचे नाहीत.

मग एकदा आमच्या गल्लीतल्या आशाताई शेजारच्या बाळाचं वजन करायला आल्या. कुंपणावरून त्यांनी बाबांना चूल फुंकताना पाहिलं.

"काय भाऊ, हाटेल टाकलं का?"

"टाकलं, पन गिऱ्हाईकच नाही येऊन राह्यलं," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

ताई नळापाशी माझ्याजवळ आल्या. "मारेगावले बाजाराच्या दिवशी दवाखान्यात मनाची डॉक्टरीन येते. दारूवालेही पाहते. लय जन जातात, कोनी सांगत नाही. थैली घेऊन जाय, बाजाराले चाललो म्हन."

मला साधा पत्ता विचारतानाही घाम फुटतो. त्या दिवशी मात्र मी परसात जाऊन उभी राहिले. "बाबा, चोरून काही नाही. तुम्हाला विचारून करायचं. डॉक्टरकडे येता?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाले, "थैली घे."

बाजाराच्या दिवशी आईही आमच्यासोबत आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या मांडीवर बाजाराच्या रिकाम्या थैल्या. शेजारच्या गावचे एक काका बाबांना पाहून चपापले.

"कांदे घ्याले आल्तो," ते म्हणाले.

"मी बी," बाबा म्हणाले.

दोघं मग पुष्कळ वेळ कांद्याच्या भावावर बोलले. तिथून कांद्याचं एकही दुकान दिसत नव्हतं.

डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. पुडीचं ऐकून त्या आईला रागावल्या नाहीत. "चोरून कधीच देऊ नका, जीव जाऊ शकतो," एवढंच म्हणाल्या. आधी बाबांना यवतमाळच्या दवाखान्यात राहावं लागलं. ते दिवस मला धुक्यातून आठवतात. थरथरते हात, फिनाइलचा वास, खिडकीतला कडुलिंब. परत आल्यावर डॉक्टर बाबांना म्हणाल्या, "एक गोळी आहे. ती चालू असताना प्यायलात तर तसाच त्रास होईल, कदाचित जास्त. तुम्ही हो म्हणालात तरच देईन. आणि रोज सकाळी घरच्या माणसाच्या हातून घ्यायची." बोलता बोलता त्यांनी आईकडे पाहिलं.

"पोरीच्या हातून घेतो," बाबा म्हणाले.

आईने मांडीवरची थैली उघडून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं.

मग माझ्या सकाळी त्या गोळीच्या झाल्या. बाहेर धुकं, आत कापूस, मध्ये बाबांचा तळहात. मधे एकदा त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि काही दिवसांनी प्यायले. आम्ही पुन्हा थैली घेऊन गेलो. परसातली चूल चालूच होती.

माघ सरता सरता कापूस गेला आणि मला यवतमाळला शाळेत नोकरी लागली. गोळी कोण देणार, हे घरात कुणीच कुणाला विचारलं नाही. निघायच्या सकाळी मी दारात उगाच चपलेचा पट्टा लावत बसले. बाबा ओसरीत होते. आई आतून आली, एका हातात पाणी, दुसऱ्या तळहातावर गोळी. ती जरा लांबच थांबली.

"डब्बीतलीच हाये. पाहून घ्या."

बाबांनी गोळी घेतली. उलटसुलट करून खरंच पाहिली. मग गिळली. ग्लास खाली ठेवल्याचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला, आणि आम्ही तिघंही दचकलो.

"वरन टाकलं का?" बाबांनी विचारलं.

"टाकलं."

"मंग वाढ."

आईने ताट आणलं. वरणाची वाटी हातातच धरून ती उभी राहिली. "पह्यले मी खाऊन दाखवू का?"

"कायले? थंडं होते नं," बाबा म्हणाले आणि त्यांनी वाटीसाठी हात पुढे केला.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले. दुपारी दुसरी गाडी होती.