दवंडी दिल्याचा दाखला

डफड्यावर तीन ठोके आणि लगेच चामड्यावर सपाट तळहात. आवाज जागच्या जागी थांबे. त्या शांततेत ते विचारायचे, "आयकलं का?"

कोणीतरी अंगणातून "आयकलं, भाऊ" म्हटल्याशिवाय ते पुढच्या वळणाकडे सरकत नसत. कोणी नसलं तर उभे राहत. एकदा एका वळणावर सगळी घरं मोहफुलं वेचायला गेली होती. ते उन्हात तासभर थांबले आणि पहिली बाई टोपली घेऊन परतली तेव्हा तिला सगळा मजकूर ऐकवूनच पुढे गेले. वार्ताहर म्हणून मी हे पाहिलं तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. तुम्ही असतात तर तुम्हालाही वाटली असती.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडच्या एका मोठ्या गावाचे ते कोतवाल होते. गावाचं नाव लिहीत नाही. आठवडी बाजार, दवाखाना, वनखात्याचं विश्रामगृह आणि एक मोठा मामा तलाव, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतील. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या काळातला. कोतवालांचं घर मासेमारांचं. सकाळी तलावात जाळं, दुपारी तलाठ्याची कामं आणि सभा असली की ग्रामपंचायतीची दवंडी.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आला, तेव्हा चंद्रपूरच्या दैनिकाने मला या भागात पाठवलं. तलाव कोणी वापरायचा, बांबू कोणी तोडायचा, हे आता गावाची सभा ठरवू शकणार होती. कागदावर हे वाक्य लहान आहे. त्या गावात त्याचा अर्थ असा होता की पूर्वी बाहेरचा माणूस लिलावात घेत असलेला तलाव पुन्हा मासेमारी करणाऱ्या घरांकडे आला. सभा चिंचेखाली भरायची. कोतवाल कडेला, डफडं मांडीवर घेऊन बसायचे. बोलायचे नाहीत.

"तुम्ही का बोलत नाही?" मी विचारलं.

"मी बोलून झालो ना जी, आठ दिवस आंधी. आता त्याईनं बोलावं."

त्यांच्या मते सभा सुरू होते ती अध्यक्ष बसल्यावर नाही, दवंडीच्या पहिल्या ठोक्याला. कायद्यातही सभेची आगाऊ सूचना लागतेच. फक्त कायद्याला त्यासाठी दाखला लागतो आणि कोतवालांना लागायचा माणसाचा आवाज.

गावात एक म्हातारी बाई होती, पार बहिरी. तिच्या दारात ते डफडं पुढे करायचे. ती चामड्यावर हात ठेवायची आणि ते हलके ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे सभा. ती मान हलवून म्हणायची, "आयकलं." मग ते पुढे जायचे. एकदा दौऱ्यावर आलेल्या मोठ्या साहेबांची गाडी वळणावर अडली होती. साहेबांनाही त्यांनी विचारलं, "आयकलं का, साहेब?" साहेब हसून "ऐकलं" म्हणाले, तेव्हा वाट मिळाली.

साक्षरता वर्गात, पन्नाशीला आल्यावर, ते सही शिकले. अक्षरं ओळखीची झाली नाहीत, पण सही बसली. जाळं विणायची सुई धरावी तसं पेन धरून ते सावकाश लिहायचे आणि शेवटची रेघ मारल्यावर कागद हातभर लांब धरून बघायचे. बाजारात एखाद्याने चिडवलं, "का कोतवाल भाऊ, आता तहसीलदार होनार का?" तर म्हणायचे, "तहसीलदाराची सई पाह्य, कोंबडी चालून गेल्यासारखी. माई पाह्य."

ग्रामसेवक तालुक्याला राहायचे. पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला की गाव तुटायचं. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी ग्रामसेवक 'दवंडी दिल्याचा दाखला' असं छापलेले दहा-बारा कोरे कागद आणायचे आणि कोतवाल त्यावर एका बैठकीत सह्या करून द्यायचे. मी हे समोर पाहिलं आहे. विचारलंही होतं, "कोऱ्या कागदावर कशी सही करता?"

"सईनं सभा होते का जी? सभा डफड्यानं होते. मी वाजवनारच नाई त सभा होईनच कशी?"

मला त्यात बातमी दिसली नाही. वहीत टिपून ठेवलं आणि पान उलटलं.

दोन हजारनंतरच्या एका वर्षी पंचायतीच्या फलकावर एक अधिसूचना लागली. गाव आता शहर झालं होतं. ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत येणार होती. गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी ती वाचून दाखवली तेव्हा काही माणसं खूश झाली. नळ येतील, दिवे येतील. मग कोणीतरी विचारलं, शहरात ग्रामसभा असते का? शिक्षक म्हणाले, नाही. मग तलाव? तो नगर पंचायतीचा. म्हणजे लिलाव.

अधिसूचनेखाली एक ओळ होती. गावाच्या ग्रामसभेने शहर करण्याचा ठराव एकमताने केला असल्याने.

चिंचेखाली जमलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत होती. अशी सभा कोणालाच आठवत नव्हती. मग सगळ्यांच्या माना कोतवालांकडे वळल्या. ते उभे होते ते खाली बसले. "मी नाई वाजवलं," एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते या भागाने आधी पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या गावांची माणसं पायी आली. आज हे गाव, उद्या आमचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोर्चा तालुक्यावरून गडचिरोलीला गेला आणि मुक्काम करून बसला. सर्वांत पुढे कोतवाल, गळ्यात डफडं. सरकारी माणसाने मोर्चात चालू नये हे त्यांना सांगितलं गेलं होतं. "मी मोर्च्यात नाई जी. मी दवंडी देऊन राह्यलो. मोर्चा माह्या मांगं आहे." जिल्ह्याच्या कचेरीसमोर त्यांनी तीन ठोके दिले, तळहात ठेवला आणि विचारलं, "आयकलं का?" हजारो माणसं गप्प होती. फाटकातून एक अधिकारी बाहेर आले आणि चौकशीचं आश्वासन देऊन गेले.

चौकशीत कागद उघडले गेले. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब, दुसऱ्या सभेत ठराव. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. ठरावावर मोजक्या सह्या, आणि दोन्ही सभांसाठी दवंडी दिल्याचे दोन दाखले. तारखा वेगळ्या शाईत, सही कोतवालांची.

गावाच्या बाजूने गडचिरोलीचे एक वकील होते. त्यांनी आदल्या दिवशी कोतवालांना बसवून सांगितलं, "तुम्ही फक्त म्हणा, ही सही माझी नाही. दाखला खोटा ठरला की ठराव पडला."

"पन सई त माई हाय."

"भाऊ, गाव वाचतं यानं."

कोतवाल म्हणाले, "मी खरं सांगीन, आन साहेब आयकतीन."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत होतो. चौकशी अधिकाऱ्यांनी दाखला पुढे केला. कोतवालांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

"सही तुमची?"

"हो जी, माई."

"दवंडी दिली होती?"

"नाई."

"मग सही कशी?"

"कागद कोरा होता. सई आंधी घेत, पावसाच्या पयले. दरसाल. डफडं वाजलं नाई, साहेब. डफड्याबिगर सभा नाई होत."

टंकलेखक लिहीत होता. जबाब झाल्यावर कोतवालांनी टेबलावर बोटांनी तीन ठोके दिले आणि तळहात ठेवला. "आयकलं का, साहेब?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "ऐकलं," ते म्हणाले.

मग त्यांनी शेवटचा पुरावा वाचला. ते आमच्या दैनिकाचं कात्रण होतं. आतल्या पानावरच्या चार ओळी: ग्रामसभेत शहर करण्याचा ठराव एकमताने मंजूर, ग्रामस्थांत आनंद. 'आमच्या वार्ताहराकडून.'

वार्ताहर मीच होतो. ग्रामसेवकांनी बसस्थानकावर दिलेला मजकूर मी अधिसूचनेच्या दोन महिने आधी तसाच बातम्यांच्या पाकिटात घालून कंडक्टरकडे दिला होता आणि विसरलो होतो. अधिसूचनेनंतर मी गावाच्या बाजूने तीन मोठे लेख लिहिले. ते लिहितानाही या चार ओळी मला आठवल्या नव्हत्या. खोलीत कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली.

बाहेर पायऱ्यांवर कोतवाल माझ्याशेजारी येऊन बसले.

"तुमी त आलेच नव्हते ना जी, त्या सभेले?"

"नाही."

"आन कोनाले इचारलंबी नाई?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मले कोरा कागद देला," ते म्हणाले, "तुमाले लिवलेला."

आमच्या दैनिकाने खुलासा छापला, आतल्याच पानावर. वकिलांनी तो सादर केला, पण पुराव्याची मुदत संपली होती. महिन्याभराने आदेश आला. त्यातलं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे: दाखल्यावरील स्वाक्षरी कोतवालाने मान्य केली असून लेखी दाखल्यासमोर त्याचा तोंडी नकार ग्राह्य धरता येत नाही.

शिक्षकांनी हे समजावून सांगितलं तेव्हा कोतवाल त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले. मी अपघात पाहिले आहेत, चकमकीनंतरची गावं पाहिली आहेत. एवढा सुन्न चेहरा कमी पाहिला आहे.

"पन साहेब त म्हनले होते, आयकलं," ते म्हणाले.

गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. एका शब्दाने तलाव वाचला असता आणि हा माणूस स्वतःच्या सहीला जपत बसला, असं उघड म्हटलं जायचं. अशा अनुसूचित, म्हणजे आदिवासी भागात शहर करता येतं का, हा प्रश्न घेऊन वकील वरच्या कोर्टात गेले. तिथे तारखा पडत राहिल्या. इकडे नगर पंचायतीचा प्रशासक आला आणि पहिल्याच महिन्यात त्याने तलावाच्या लिलावाची तारीख काढली. दवंडी द्यायचा हुकूम कोतवालांना झाला.

त्या सकाळी मी गावात होतो. या वेळी कोणाच्या कागदावर विसंबायचं नाही, म्हणून मुद्दाम गेलो होतो.

ते पहिल्या वळणावर उभे राहिले. तीन ठोके. तळहात. "मामा तलावाचा लिलाव. येत्या बाजाराच्या दिवशी. आयकलं का?"

अंगणात माणसं होती. एक जण जाळं सांधत होता, एक बाई सुपात धान पाखडत होती. कोणी मान वर केली नाही.

"आयकलं का?"

नाही. ऊन चढलं. ते तिथेच उभे होते. त्यांना वाळीत टाकल्यासारखं गाव गप्प होतं, एवढंच मला वाटलं. तेवढ्यात बहिरी म्हातारी दारातून बाहेर आली. गावाचा अबोला तिच्यापर्यंत पोचलाच नसावा. कोतवाल दिसले, डफडं दिसलं, तशी ती हात पुढे करून चालत आली.

कोतवालांनी डफडं पाठीमागे घेतलं.

ती बुचकळ्यात पडली. पुन्हा हात पुढे केला. ते दोन पावलं मागे सरले. "नोको बाई," ते म्हणाले. तिला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले, "आज नोको. आज नोको आयकू."

सुपाचा आवाज थांबला. जाळं सांधणाऱ्याने मान वर केली, आणि मग सगळं अंगण त्यांच्याकडे पाहू लागलं.

दुपारी ते पंचायतीत गेले. कारकुनाने दाखला पुढे सरकवला.

"दवंडी झाली नाई," कोतवाल म्हणाले. "कोनं आयकलंच नाई."

"अरे, तू दिलीस ना? सई कर."

"बिन दवंडीची सई एक डाव केली, जी. आता नाई करत."

त्या बाजारी लिलाव झाला नाही. दाखला नव्हता. परतताना जाळं सांधणारा त्यांना आडवा आला. "का भाऊ, सकाळी काही म्हनत होते का? आमाले काही आयकूच नाई आलं." बऱ्याच दिवसांनी कोतवाल हसले.

हुकूम न पाळल्याबद्दल पुढच्या महिन्यात त्यांना कामावरून कमी केलं. घरचं जाळं पुतण्याला देऊन ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी मुलीकडे राहायला गेले. तिथेच वारले. निरोप फोनवर आला. मी एसटीने मूलला गेलो, मुलीला भेटलो, मग चार ओळी लिहिल्या.

त्यानंतर त्या गावी गेलो तेव्हा लिलावाची नवी तारीख निघाली होती. खटल्याचा निकाल लागायचा होता. दवंडीला आता भोंगा लावलेली जीप होती. ती वळणावर वेग कमी करत नसे.

म्हातारी दारात आली. धूळ उठलेली तिने पाहिली असावी. तिने तळहात पुढे धरला. जीप गेली. धूळ खाली बसली, तरी हात तसाच होता.