अंगठ्यानं वाचणारे तात्या

बंदुकीचा सुटा भाग हातात आला की तात्या आर्मरर आधी डोळे मिटायचे आणि त्यावरून अंगठा फिरवायचे. लोखंडात ठोकलेलं एखादं अक्षर, बारीकसा मुकुट किंवा चांदणी अंगठ्याला लागली की हा भाग कुठल्या देशात, साधारण कोणत्या काळात घडला ते सांगायचे. चष्मा नंतर, खात्रीपुरता. पलटणीतल्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात निवृत्त फौजी घरटी एक, पण आर्मरर ते एकटेच.

गावी आल्यावरही ती सवय सुटली नाही. विहिरीवरचा पंप असो, शिलाई मशीन असो, उलटंपालटं करून शिक्का शोधायचाच. लग्नाच्या पंगतीत पुढं ताट आलं की ते पालथं घालून बघणार. "तात्या, जेवायला आलाय का इन्स्पेक्शनला?" असं कोणी डिवचलं की म्हणायचे, "करणाऱ्यानं नाव घातलंय रं. वाचाय नको व्हय?"

या नावाच्या वेडामागे एक दुखणं होतं. त्यांचा चुलता दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आला. गावच्या स्मारकस्तंभावर फक्त पहिल्या महायुद्धातल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. चुलत्याचं नाव कुठेच नाही.

मी तेव्हा शाळेचा मुख्याध्यापक आणि स्मारक समितीचा सचिव होतो. स्तंभाशेजारी आम्ही एक खोली बांधली आणि खटपट करून, नळी बुजवलेली एक जुनी थ्री-नॉट-थ्री सरकारी कागदपत्रांसह मिळवली. मी पुस्तिका लिहिली. आमचे जवान पहिल्या महायुद्धात लढले ते याच बंदुकीनं, असं त्यात आणि खोलीतल्या बोर्डावरही ठोकून दिलं. आधार काहीच नव्हता. वाक्य चांगलं वाटलं, एवढंच.

खंडेनवमीला ती बंदूक शाळेत पूजेला मांडली. मुलींनी कुंकू लावलं, ते शिक्क्यांच्या खाचांत बसलं आणि अक्षरं तांबडी होऊन वर आली. तात्यांनी मला जवळ बोलावलं.

"गुरुजी, हितं बगा. इंग्रजी यम, आनि म्होरं दोन आकडे. दुसऱ्या लढाईत इंग्लंडातले कारखाने नावं दडवायचे, वरनं बाँब पडू नयेत म्हनून. यम म्हंजी मधल्या मुलखातला कारखाना. पयल्या लढाईत ह्ये नव्हतं."

"एखादा भाग नंतर बदलला असेल, तात्या."

"येक बदलंल. बोल्ट, ट्रिगर गार्ड, मागची साईट, समद्यावर यम हाय. बॉडीवर सालबी त्याच लढाईचं हाय. येवडं बोर्डावर सुधरा. आपली मानसं त्या लढाईत बी गेलीती. त्यास्नी कशापायी दडवायचं?"

मी बघू म्हणालो. पुस्तिका छापून आली होती, खोलीच्या उद्घाटनाची निमंत्रणं पाहुण्यांना गेली होती. तात्या म्हणाले, मग मी ग्रामसभेत बोलतो.

त्याच आठवड्यात मी बंदूक पोत्यात गुंडाळून सांगलीला नेली. ओळखीच्या एका बफिंगवाल्याला म्हणालो, आरशासारखी कर, एक खाच ठेवू नको. त्यानं दुपारभर घासली. मी समोर स्टुलावर बसून होतो.

सभेत तात्यांनी बंदूक मागून घेतली. डोळे मिटले. अंगठा बोल्टवरून गेला, परत आला, गार्डवर गेला, साईटवर थांबला. कोणीतरी म्हणालं, "काय तात्या, रेंज गेली का?" सगळे हसले. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण म्हणालो, "तात्यांचं आता वय झालंय. आपण समजून घेऊ."

त्यांनी बंदुकीवरचे बोटांचे ठसे उपरण्यानं पुसले, ती माझ्या हातात दिली आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "बफिंग झ्याक झालंय, गुरुजी."

त्यानंतर पंगतीत त्यांनी ताट कधी उलटून पाहिलं नाही. वाढलेलं जेवायचे आणि उठायचे. पुढे सहा वर्षांनी ते गेले. मी खांदा दिला.

यंदा मी कुंडलला त्यांच्या लेकीकडे, सुशीलाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती गहू पाखडायचं सूप बाजूला ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मला आन् कशाला सांगताय? जितं त्यास्नी हसलासा तितं सांगा."

ग्रामसभेत सांगितलं. सुशीला मागे येऊन उभी होती. नवा सरपंच माझाच विद्यार्थी, भला पोरगा. त्यानं बंदूक आणवली, खालीवर करून पाहिली. "गुरुजी, कुठं हाय शिक्का? दावा की."

दाखवायला काही नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. वय झालंय तुमचं. कोनी चहा आना रं."

चांगुलपणानंच म्हणाला. बोर्ड आहे तसाच आहे. बाहेर पडताना सुशीला म्हणाली, "लिवून तरी द्या. तुमच्या अक्षरात."

म्हणून लिहून देतो. बोल्टवर एम होता, ट्रिगर गार्डवर होता, मागच्या साईटवर होता. बॉडीवर साल दुसऱ्या महायुद्धाचं होतं. मी ते कुंकवात स्पष्ट वाचलं होतं. तात्या खरं बोलत होते. शिक्के मी घासून घेतले.