बर्फातलं बाळंतपण

आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्ष उलटून गेलं होतं आणि कापसाची वेचणी जोरात होती, तेव्हा वर्ध्याहून एक अमेरिकन नर्सबाई आठ दिवसांसाठी आमच्या अल्लीपुरात आल्या. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी, म्हणून दुभाषी म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलं. माझं इंग्रजी पुस्तकापुरतंच होतं, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

बाई पन्नाशीच्या होत्या. काळे केस, चपटा, सावळा चेहरा. बायका आपसात म्हणाल्या, "ही कायची मेम? आपल्याच सारखी दिसते."

त्यांचं काम होतं आमच्या सुईणीला नाळ कापायची स्वच्छ पद्धत शिकवायचं. सुईण आमच्याच वस्तीतली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, पण बाराव्या दिवसानंतर त्यातल्या कुठल्याही घराचा ओटा तिला चढता येत नसे. ती यायची आणि आमच्याकडे पाठ करून बसायची.

मी शाळेत शिकलेल्या मराठीत सांगायची, "प्रसूतीपूर्वी उपकरणे उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावीत."

तिसऱ्या दिवशी सुईण वळून म्हणाली, "हे पोरगी काय वाचून राह्यली व? माह्या विळ्यानं इतकी लेकरं सोडवली. मले शिकवाले कायले आले हे?"

बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी बाईंनी मला विचारलं, "आईशी तू वेगळं बोलतेस. मघाशी ऐकलं मी, शब्द कळले नाहीत पण सूर कळला. मग इथे ते का बोलत नाहीस?"

मी म्हटलं, "ती अडाण्यांची बोली आहे."

त्यांनी नाळ कापायची कात्री पुसून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या आईला शाळेत आपल्या भाषेत बोलली म्हणून मारायचे. तिने ती भाषा मला शिकवलीच नाही, मार बसू नये म्हणून. मला तिचे थोडेच शब्द येतात. माझ्या आजीशी मला धड बोलता आलं नाही." आणि मग त्यांनी आईकडून ऐकलेली आपल्या आजीची गोष्ट सांगितली. संपल्यावर मीच म्हटलं, "हे उद्या बायकांना सांगा. मी सांगेन माझ्या बोलीत."

दुसऱ्या दिवशी वेचणीवरून परतलेल्या बायका कडुनिंबाखाली बसल्या. सुईण नेहमीसारखी पाठ करून. बाई एकेक वाक्य बोलत होत्या आणि मी आईशी बोलावं तसं सांगत होते.

"बाईचे लोक म्हंजे चेरोकी, गोरे याच्या आधीचे अमेरिकेतले मुळचे लोक. डोंगराच्या मुलखात राहत होते. मका पेरत, घरोघरी चरखा, माग. त्याइची सोताची लिपी होती, सोताचा पेपर निघे. पन गोऱ्याइले त्याइची जमीन पाह्यजे होती. चेरोकी कोर्टात गेले. मोठ्या कोर्टानं त्याइच्या बाजूनं निकाल देला."

"मंग झालं ना!" एक बाई म्हणाली.

"नाई झालं. सरकारनं निकाल मानला नाई. फौज पाठवली. लोक जेवाले बसलेले, तसेच उठवले. माग तसाच राह्यला, ढोरं तशीच राह्यली. आंगावरच्या कपड्यानिशी बाहीर काढले, कुडाच्या कोंडवाड्यात घातले आन मंग शेकडो कोस पायी चालवत नेले, परमुलखात. थंडीचे दिवस. वाटेत हजारो मेले. म्हातारे, लेकरं जास्त."

बाईंनी पुढचं सांगितलं, ते मी बायकांना सांगितलं.

"त्यात एक बाई भरल्या पोटाची होती. बर्फात तिले कळा सुरू झाल्या. बायकाइनं भवताल उभं राहून घोंगड्या धरल्या. एका म्हाताऱ्या सुईणीनं तिले मोकळं केलं. पोरगी झाली. ते पोरगी म्हंजे बाईची आजी."

सुईण वळली. थेट बाईंकडे पाहत म्हणाली, "आन ते सुईण?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ती मुक्कामाला पोचली नाही. वाटेतच गेली. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. माझी आजी म्हणायची, ज्या बाईमुळे मी जगले तिचं नाव मला माहीत नाही. म्हणून मी नर्स झाले."

मी ते सांगितलं. सुईणीने पदराने तोंड पुसलं. "सुईनीचं नाव कोन इचारते?" ती म्हणाली. मग मला म्हणाली, "इचार तिले, बर्फात पानी कसं तापवलं अशीन? नाळ कायनं कापली?"

बाईंना ते माहीत नव्हतं. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "माहीत नाही."

सुईण उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आन व ते तुही कैची. कशी उकळतं, दाखव."

उरलेले चार दिवस त्या दोघी सोबतच होत्या. बाई तिच्याकडून आडवं मूल पोटावरून कसं वळवायचं ते शिकल्या, कारण ते त्यांना येत नव्हतं. निघण्याच्या दिवशी बाईंनी वहीत सुईणीचं नाव लिहून घेतलं, मला तीनदा उच्चारायला लावून. कुणीतरी आपलं नाव लिहून नेतंय हे पाहून सुईण लाजली. "येजो व पुन्हा," एवढंच म्हणाली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

सुईण पुढे पुष्कळ वर्षं जगली. माझा थोरला मुलगा तिच्याच हातावर आला आणि तिने मला दमात घेऊन आधी पाणी उकळायला लावलं. मी शिक्षिका झाले. पहिलीच्या मुलांना मी घरच्या बोलीत बोलू द्यायची, म्हणून शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची बोलणी खाल्ली. पण "मले नाई समजलं" असं बिनधास्त म्हणणारी पोरं माझ्या वर्गात होती, याचा मला आजही अभिमान आहे. ते सारं त्या आठ दिवसांचं देणं. आपली भाषा गमावलेल्या एका बाईने माझी भाषा माझ्या तोंडात परत ठेवली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आभार मानावेत हे सुचलंच नाही. आता मानते.