मामाच्या पोरीचं झाड

गौरीशंकर सरांचा जीव जळत होता, आणि जळका माणूस चारचौघांत लपत नाही. लोहाऱ्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. त्यांची मामेबहीण शिवप्रिया मात्र पुण्यात डॉक्टरेट मिळवून आज त्याच कॉलेजात पाहुणी म्हणून आली होती. एकेकाळी मामानं ती त्यांनाच द्यायची ठरवली होती. ‘मला शिकायचंय,’ म्हणून तिनं मोडता घातला. आता तिला शाल पांघरायचं काम नेमकं सरांच्याच वाट्याला आलं.

ती गणितातल्या झाडासारख्या अवकाशांवर, म्हणजे ठिपक्यांच्या आणि वाटांच्या रचनांवर बोलत होती, तेही गावच्याच बोलीत. “सगळ्या फांद्याच फांद्या समजा. कुठनंबी कुठं जायचं तर वाट एकच. वळसा न्हाय, आडवाट न्हाय. दोघांतलं अंतर म्हंजे त्या एकाच वाटेची लांबी.” तिनं फळ्यावर फाटा आणि तिथून गावोगाव फुटणारे जीपचे रस्ते काढले. पोरं माना डोलवत होती. सरांच्या तासाला तीच पोरं जांभया देत.

तिला सगळ्यांसमोर अडवायचंच, असं ठरवून सर उठले.

“मॅडम, वंशावळसुद्धा झाडच ना? नवरा-बायकोला मिळून एक ठिपका द्या. पण आपल्याकडं मामाची पोरगी करतात. मग त्या ठिपक्यापासून आजोबापर्यंत वाटा दोन झाल्या. कुठं राहिलं तुमचं झाड?”

हशा पिकला. सरांना फार दिवसांनी बरं वाटलं.

शिवप्रियानं फळ्यावर एक ठिपका काढला, आजोबांचा. खाली मुलगा आणि मुलगी असे दोन. त्यांच्याखाली एकेक नातवंड.

“सरांचं बरोबर हाय. ह्या दोन नातवंडांचं लग्न झालं असतं, तर दोन ठिपक्यांचा एक झाला असता. अंतर शून्य. झाड मोडलं असतं. झालं न्हाय, म्हणून झाड हाय. आता एकाकडनं दुसऱ्याकडं जायचं तर आजोबावरनंच.”

सर खाली बसले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, आपण शिवप्रियावर जळतो. खरं तर ते जळत होते तिला त्यांच्यापासून नेणाऱ्या त्या डॉक्टरेटवर, बाई सवतीवर जळते तसे.

“मॅडम, ही दोघं कोण?” मागच्या बाकावरून प्रतीक्षा नावाच्या पोरीनं विचारलं.

“कुणीबी असू देत. नावानं अंतर बदलत न्हाय.”

पुढचा तास सरांचाच होता, म्हणून फळा त्यांनीच पुसला.