उसातून जाणारी शाळेची वाट

समाजकार्याची पदवी घेऊन मी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावात कामाला लागले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. कॉलेजात शिकवलेलं सगळं तोंडपाठ होतं: आधी जनजागृती, मग संघटन, मग दबाव, मग पाठपुरावा. गावात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच कळलं की आठवीतून शाळा सुटलेल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. मी ग्रामसेवकांना आणि पोलीसपाटलांना घेऊन तिच्या घरी गेले. कायदा सांगितला, वडिलांकडून लिहून घेतलं. लग्न थांबलं. संस्थेच्या ऑफिसात माझं कौतुक झालं आणि मला ते पटलंही.

दीड महिन्यानं कळलं, मुलीला शिरूरकडच्या मामाच्या गावी नेऊन तिथं गुपचूप लग्न लावलं. त्यानंतर तिची आई रस्त्यात दिसली की पदर सारखा करून दुसरीकडे बघायची.

त्या दिवसांत मी अंगणवाडीत जाऊन नुसती बसायची. तिथली मदतनीस बौद्धवस्तीतली होती, पन्नाशीची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. एकदा खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता ती म्हणाली, "ताई, लगीन थांबवलंत ते बेसच केलं. पन पोरीला घरात ठिवून करायचं काय, ते कुनी सांगितलं का तिच्या आईला?"

"शाळेत घालायचं ना, मावशी."

"शाळा कुठं हाय? तीन किलोमीटर. मधी ह्यो उभा ऊस. बस येती अकराला, शाळा भरती साडेधाला. पोरं सायकलीवर जात्यात. पोरीला उसातनं एकली कोन धाडील?"

दुसऱ्या दिवशी मी हायस्कूलमध्ये जाऊन हजेरीपट पाहिले. साखर कारखान्याचं गाळप सुरू होऊन वाटेवरचा ऊस तुटला की आमच्या गावच्या मुली दिसायला लागायच्या. ऊस डोक्याच्या वर गेला की एकेक नाव गळत जायचं. इतकं उघड होतं, आणि मी मात्र घरोघर कायद्याची पत्रकं वाटत फिरत होते.

मावशीची स्वतःची मुलगी नर्स होती. "कशी शिकली?" मी विचारलं. "मी सोडाया जायची की. तवा कामावर नव्हते मी," ती म्हणाली.

मग आम्ही तेवढंच केलं. पाच मुली, पाच आया. रोज दोघीदोघींनी पाळीनं मुलींना सोडायला जायचं, संध्याकाळी आणायचं. मी रोजच बरोबर असायची; मावशी सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी फाट्यापर्यंत आणि संध्याकाळी शाळेपर्यंत यायची. पहिल्या आठवड्यात बौद्धवस्तीतल्या आणि गावातल्या बायका अंतर राखून चालायच्या. मग कुणाच्या पायात काटा गेला, कुणी आपली चप्पल दिली, आणि ते अंतर कधी मिटलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. एके सकाळी ती, लग्न झालेल्या मुलीची आई, धाकटीचा हात धरून फाट्यावर उभी दिसली. माझ्याशी बोलली नाही. मावशीला म्हणाली, "हिलाबी घ्या." परतताना मात्र माझ्या शेजारून चालत राहिली, आणि मधेच म्हणाली, "थोरलीच्या टायमाला ह्ये कुनाला सुचलं न्हाई."

अडीच महिने चाललो. एसटीच्या डेपोत अर्ज द्यायचं मी सुरुवातीलाच सुचवलं होतं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आता बायकाच म्हणाल्या, "पाय मोडाया लागलं ताई, बसचं बघू."

डेपोतले साहेब शांत होते. "पॅसेंजर मिळतील का?" त्यांनी विचारलं.

"आमी रोज चालतोय साहेब," थोरलीचं लग्न झालेली ती आई म्हणाली. "येऊन मोजा."

ते हसले. ग्रामसभेचा ठराव आणा म्हणाले. त्या ग्रामसभेला पहिल्यांदाच बायका आल्या आणि मागं दाराशी न थांबता पुढं सतरंजीवर बसल्या. सरपंचांनी चष्मा काढून पुसला आणि ठराव वाचला. दिवाळीनंतर साडेनऊची बस सुरू झाली. संध्याकाळची वेळही बदलून मिळाली. पहिल्या दिवशी मुली पास दाखवत चढल्या आणि त्यांच्या मागोमाग एक आईसुद्धा चढली. कंडक्टरनं विचारलं, "तुम्ही कुठं, काकू?" ती लाजली. "सवय लागलीय ओ," म्हणाली आणि उतरली.

त्या सहा मुलींपैकी पाच दहावी झाल्या. एकीनं नववीत सोडली. तिच्या घरी मी तीनदा गेले, उपयोग झाला नाही.

आता मी नोकरीला लागलेल्या नव्या मुलींना शिकवते. त्या विचारतात, बदलाची सुरुवात कुठून करायची? मी काहीतरी नीटसं उत्तर देते. पण मनात येते ती डोक्यावरून सळसळणाऱ्या उसातली वाट, ओल्या पाचटाचा वास आणि पुढं चालणाऱ्या बायकांचं मोठ्यानं हसणं. बस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी मावशी मला म्हणाली होती, "बस आली ते झ्याक झालं. पन ताई, वाटंनं बोलायचो, ते आता आमी कवा बोलायचं?" मग बायकांनीच शुक्रवारची दुपार ठरवली, अंगणवाडीच्या ओट्यावर. मला त्यांनी निरोप धाडला तो तिसऱ्या शुक्रवारी.